घराला ओल येते तेव्हा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या वास्तू समितीच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव व्हावा हे उचितच आहे, आणि ते काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी केले आहे. आमच्या वाट्याला आलेला विषय रुक्ष आहे : सिमेंट, खडी, वाळू आणि सळई. परंतु ज्या छपराखाली आपण बसलो आहोत त्याविषयीच तो असल्याने आपण थोडा वेळ तो सहन करावा, अशी विनंती आहे.

आरंभी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी या सभागृहाच्या छताला, रंगमंचाच्या उजव्या अंगास, ओल दिसू लागली. गणेशोत्सव तोंडावर आला होता. आम्ही मिस्त्री बोलावला, फुगलेला गिलावा खरडून नवा चढविला, वर रंगाचा हात दिला आणि निश्चिंत झालो. दोन वर्षांनी पुन्हा तेच केले. त्यानंतरच्या पावसाळ्यात, एका शुक्रवारी रात्री, त्याच जागचा हातभर रुंदीचा काँक्रीटचा पापुद्रा खाली कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेमका तेथेच मुलांचा मराठीचा वर्ग बसावयाचा होता. कोणास इजा झाली नाही, हे दैव. त्यात आमचे कर्तृत्व काही नाही. समितीत शिकलेसवरलेले अभियंते होते, तरी उत्सवाच्या वर्षी छपराचा खर्च नको, असा निर्णय आम्हीच घेतला होता. आजचे हे चार शब्द त्या चुकीतून सुचलेले आहेत.

आपल्यापैकी प्रत्येकाने पाहुण्यांना मेहरौलीचा लोहस्तंभ दाखविला असेल. सुमारे सोळाशे वर्षे ऊन-पाऊस सोसूनही तो गंजून गेला नाही. त्या लोखंडात फॉस्फरसचा अंश अधिक असल्याने त्याच्या पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार झाला, असे शास्त्रज्ञ सांगतात. आपल्या घरातील सळईला असे वरदान नाही. तिचे कवच म्हणजे तिच्याभोवतीचे काँक्रीट. ते अल्कधर्मी असते, आणि त्या गुणामुळे सळईवर एक अतिसूक्ष्म पापुद्रा टिकून राहतो, जो गंज चढू देत नाही. हवेतील कर्बवायू वर्षानुवर्षे झिरपत गेला की हा गुण ओसरतो. पाण्यातून वा वाळूतून क्षार, म्हणजे क्लोराइडे, शिरली तर कवच त्याहून लवकर भेदले जाते. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून कित्येक पटींनी अधिक जागा व्यापतो, आणि त्या फुगवट्याने काँक्रीट आतून फाटते. आमच्या छताचे असेच झाले. गच्चीवरचे पाणी मुरत होते, सळई गंजत होती, आणि आम्ही खालून गिलावा चढवीत होतो. तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळाला पावडर लावावी, तशातला तो प्रकार!

क्षारांचा धोका पुस्तकापुरता नाही. गुरुग्राममधील सेक्टर 109 येथील चिंटल्स पॅराडिसो या संकुलात 10 फेब्रुवारी 2022 रोजी सायंकाळी सहाव्या मजल्यावरील सदनिकेची जमीन खचली, तिच्याखालचे भागही एकामागून एक कोसळले आणि दोन महिलांना प्राण गमवावे लागले. इमारत जुनी नव्हती. दिल्लीच्या आयआयटीने केलेल्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइडांचे प्रमाण फार असल्याचे निष्पन्न झाले आणि तो मनोरा वास्तव्यास असुरक्षित ठरला. भपकेदार प्रवेशद्वार आणि गुळगुळीत फरशी यांवरून घराची पारख करणाऱ्या आपणां सर्वांना हा गंभीर इशारा आहे. सळईयुक्त काँक्रीट कालविण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमहून अधिक क्लोराइड नसावे, असे भारतीय मानक सांगते. दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात आणि गुरुग्राम परिसरात जमिनीखालचे पाणी अनेक ठिकाणी खारट आहे. म्हणून घर बांधताना बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेणे, हा चोखंदळपणा नव्हे. ती गरज आहे.

पाणी गुणाने चांगले असले तरी ते किती घालावे, याचेही शास्त्र आहे. 50 किलोच्या एका पोत्यास साधारण 25 लिटर पाणी पुरते. मिस्त्रीला माल सैल हवा असतो, कारण तो चटकन पसरतो. परंतु जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. त्याच छिद्रांतून पुढे ओल आणि क्षार सळईपर्यंत पोहोचतात. उलट काँक्रीट एकदा बसल्यावर त्यास पाणी भरपूर हवे. इकडे ज्यास ‘तराई’ म्हणतात ते काम साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान 10 दिवस चालावे, असे मानक आहे. राखमिश्रित सिमेंटला तर याहून अधिक दिवस लागतात. मे-जूनच्या ‘लू’मध्ये टाकलेल्या ‘लेंटर’वर दोन दिवस पाइप फिरवून कंत्राटदार मोकळा झाला, तर त्या छताचे आयुष्य तेथेच घटले, असे समजावे.

आणखी एक नित्याची चूक सांगतो. खिडकीवरचा सज्जा किंवा पुढे झुकलेली बाल्कनी यांत मुख्य सळई वरच्या अंगास लागते, कारण ताण तेथे पडतो. काँक्रीट ओतताना मजूर त्या जाळीवरून चालतात, सळया दबून तळाशी जातात, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा सज्जा फळ्या काढताच, किंवा काही वर्षांनी, तुटतो. ओतण्यापूर्वी पाच मिनिटे उभे राहून ही जाळी पाहणे एवढेच घरधन्याचे काम. पण त्या पाच मिनिटांचे मोल फार आहे.

बांधून झालेल्या घरावर आपण स्वतः जो भार चढवतो, त्याचाही विचार व्हावा. राहत्या खोलीची जमीन माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला 200 किलोच्या भारासाठी योजलेली असते. नवी फरशी बसविण्यासाठी 10 सेंटिमीटर जाडीचा मसाला घातला, तर तेवढे वजन त्या मसाल्याचेच होते! 1000 लिटरची पाण्याची टाकी म्हणजे गच्चीवर उभा केलेला एक टन. लक्ष्मीनगरच्या ललिता पार्क भागातील पाच मजली इमारत 15 नोव्हेंबर 2010 रोजी कोसळली आणि जवळजवळ सत्तर माणसे मृत्युमुखी पडली. वर बेकायदा वाढविलेले मजले आणि खाली, यमुनेच्या पुरानंतर तळघरात साचून राहिलेले पाणी, या दोहोंचा उल्लेख त्या वेळी वारंवार झाला. वर भार वाढत होता आणि खाली पाया भिजत होता. त्याचा परिणाम वेगळा कसा व्हावा?

येथे किल्लारीची आठवण होणे अपरिहार्य आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गाव झोपले असताना, भूकंपाने लातूर-धाराशिवच्या परिसरात हजारो माणसे गाडली गेली. आपल्या मंडळानेही तेव्हा निधी आणि कपडे पाठविले होते. तेथील दगडी भिंती जाडजूड होत्या. परंतु माती भरून रचलेल्या त्या भिंतींना आरपार जाणारे जोडदगड नव्हते, आणि वर माळवदाच्या मातीचे प्रचंड ओझे होते. हादऱ्यासरशी भिंतीचे दोन पदर सुटले आणि ओझे खाली आले. जाडी म्हणजे मजबुती नव्हे, हे ज्ञान त्या गावांना फार मोठी किंमत देऊन मिळाले. दिल्लीही भूकंपप्रवण प्रदेशात मोडते. यमुनाकाठची वाळूमिश्रित भूमी त्या दृष्टीने अधिकच नाजूक. तेव्हा हा धडा दूरच्या गावाचा म्हणून सोडून देता येणार नाही.

तर मग सामान्य गृहस्थाने करावे काय? प्रत्येक भेग भयंकर नसते. गिलाव्यावरचे केसासारखे जाळे बहुधा निरुपद्रवी असते. परंतु सळईच्या रेषेत धावणारी भेग, तांबूस डाग, ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि वाढत जाणारी चीर, एकाएकी अडू लागलेले दार, या खुणा दिसल्यास रंगाऱ्याला नव्हे, जाणकार अभियंत्याला बोलवावे. जुन्या लोकांची एक युक्ती अजूनही उपयोगी आहे : भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवावी. काच तडकली तर भेग जिवंत आहे, असे समजावे.

शेवटी आपल्या वास्तूविषयी. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. आपली वास्तू चाळिशी ओलांडून गेली आहे. तो नियम येथे लागू नसला, तरी तो आपण आपणहून पाळावा, उत्सवाच्या वर्गणीतील पहिला वाटा छपरासाठी काढून ठेवावा आणि कार्यालयात ओल व भेगा यांची एक नोंदवही ठेवावी, अशी आमची विनम्र सूचना आहे. वहीतील पहिली नोंद आम्हीच करू. ती आमच्या चुकीची असेल.

परमुलखात येऊन ज्या वडीलधाऱ्यांनी वर्गणीच्या पावत्या फाडीत दारोदार हिंडून ही वास्तू उभी केली, त्यांचे तैलचित्र आपण भिंतीवर लावले, हे योग्यच झाले. पण ज्या भिंतीवर ते लावले, तिच्याकडेही आपण पाहत राहावे. पुढच्या शनिवारी मुले पुन्हा याच छपराखाली बाराखडी गिरवावयास बसणार आहेत.