लघवीची चौकशी



मूत्रपिंड हा शब्द आपल्याकडे पुस्तकातच राहिला. घरात आपण किडनी म्हणतो, बाजारात गुर्दा, आणि वैद्यांच्या ग्रंथांत तो वृक्क. नावे तीन, पण ते निकामी झाले हे ओळखायला जुन्या डॉक्टरांपाशी दोनच खुणा होत्या : अंगावरची सूज आणि लघवीचे भांडे.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये आपली निरीक्षणे छापली. सुजलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायची. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठली, तर मूत्रपिंड बिघडले. निदान झाले, पण उपाय कोणता? रक्त काढणे, जुलाब देणे, घाम आणणे, पुढे पथ्यपाणी. यातून वाचला तो आपल्या प्रकृतीच्या बळावर. १९४३ साली, युद्ध चालू असताना, हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेन नळी फिरत्या पिंपावर गुंडाळून त्यातून रक्त गाळले. पहिले बहुतेक रोगी दगावले. १९४५ मध्ये एक वृद्धा वाचली. आजचे डायलिसिस तिथून आले.

यंत्र आले तरी मूळ कारण शोधावेच लागते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात निरनिराळ्या आजारांच्या रोग्यांची लघवी अचानक बंद झाली. सर्वांत समान एकच गोष्ट होती : त्यांना पाजलेले ग्लिसरीन. त्यात डायइथिलिन ग्लायकोल हे औद्योगिक रसायन मिसळलेले निघाले. चौदा माणसे गेली. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषधखरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी केली.

तो धडा आपण शिकलो असतो, तर २०२५ चे परासिया घडले नसते. आपल्याच जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातली ती लेकरे. ताप-खोकल्यासाठी सिरप घेतले, मग उलट्या आणि लघवी बंद. आधी पाण्याचे नमुने तपासले गेले, साथीचा संशय घेतला गेला. नागपुरात मूत्रपिंडाचा बारीक तुकडा तपासल्यावर बोट विषाकडे वळले. रसायनाची मर्यादा ०.१ टक्का, सिरपमध्ये ते ४८.६ टक्के निघाले. वीसहून अधिक मुले गेली.

ब्राइटच्या चमच्यापासून नागपूरच्या सूक्ष्मदर्शकापर्यंत यंत्रे बदलली, पहिला प्रश्न बदलला नाही : लघवी झाली का? तो प्रश्न डॉक्टरच्याही आधी घरातली आई, आजी विचारते, तेही आपल्या बोलीत. "बाळानं सू केली का?" हे विचारायला लाज कसली? आजारी मुलाने सहा-आठ तास लघवी केली नाही, तर वाट पाहू नका. दवाखान्यात जाताना घेतलेल्या औषधाची बाटलीही बरोबर न्या. फेकून देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचे सिरप देऊ नये, असे सरकारनेही सांगितले आहे.

नागपूरच्या वाटेला लागण्याआधी मौल्यवान वेळ घरातच जातो. तो वाचवणे आपल्या हाती आहे.