खोडदला एक गाडी न्यावी



रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा. म्हणून त्या तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सर्वांना पाहायला खुली होते. यंदा मी ती पाहून आलो.

४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. सगळ्या मिळून एकच दुर्बीण. जवळून पाहिले तर तबकडी पत्र्याची नाही, स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे. रेडिओ लहरी लांब असल्यामुळे जाळीवरूनही परततात, वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला, खर्च वाचला. ही कल्पकता प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. सरांनी फळ्यावर काढलेला अंतर्वक्र आरसा मला तिथे एवढा मोठा भेटला!

मांडवात खेड्यांतल्या शाळांची मुले स्वतः केलेली उपकरणे समजावून सांगत होती आणि शास्त्रज्ञ ऐकत होते. त्यांत जयसिंगपूरचे कोणी दिसले नाही, याची रुखरुख लागली.

माझी विनंती एवढीच : मेळाव्याच्या शिल्लक वर्गणीतून दरवर्षी एका गाडीचे भाडे द्यावे. रात्री निघालेली मुले सकाळी खोडदला पोहोचतील. निवड गुणांवर नको. वर्गात जी मुले सारखी 'का?' विचारतात, त्यांना सरांनी आधी बसवावे.