घरची बिअर आणि तिची पारख

जेवणांतला एखादा पदार्थ बिघडला असतां जाणती गृहिणी नुसतें "चांगला झाला नाहीं" एवढें म्हणून थांबत नाहीं. आमटी अळणी आहे, कढी सपक लागते, रस्सा पाणचट झाला, खिचडी मिळमिळीत आहे, असें ती नेमकें सांगते. आणि दोषाचें नांव कळलें म्हणजे उपाय अर्धा हातीं आलाच. इंग्लंड-अमेरिकेंत घरीं हौसेनें बिअर करणारीं हजारों माणसें आहेत. त्यांतील नवशिक्याला नेमकें हेंच साधत नाहीं. आपली बिअर बेचव आहे एवढें त्याला कळतें, पण ती कशानें बेचव आहे हें सांगतां येत नाहीं.

ही हौस तिकडे जुनी असली तरी कायद्यानें तिला बराच काळ बांधून ठेविलें होतें. इंग्लंडांत १८८० च्या कायद्यानें घरगुती बिअरलाहि परवाना लागूं लागला. तो १९६३ सालीं उठला. अमेरिकेंतील दारूबंदी १९३३ सालीं संपली, परंतु घरीं बिअर करण्याची मोकळीक देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांची सही झाली ती १९७८ सालीं, आणि कांहीं राज्यांनीं आपले कायदे बदलेपर्यंत २०१३ साल उजाडलें. महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळें परवान्यावांचून असा उद्योग करतां येत नाहीं, हें येथेंच सांगून टाकलेलें बरें.

कृति थोडक्यांत अशी. मोड आणून वाळविलेला सातू, म्हणजे माल्ट, भरडून ऊन पाण्यांत ठेवावयाचा. त्याचा गोड काढा हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळावयाचा. निववून त्यांत यीस्ट सोडावयाचें आणि तीन-चार आठवडे वाट पाहावयाची. एवढे श्रम झाल्यावर पहिला पेला ओठांशीं नेतांना मनुष्य परीक्षक राहत नाहीं, बाप होतो. शेजारीपाजारी स्तुति करतात, पण फुकट मिळालेल्या पेल्याची निंदा कोण करणार?

म्हणून जाणते लोक परीक्षेच्या कांहीं अटी पाळतात. बिअर फार थंड नसावी. बर्फासारख्या गार घोटानें जीभ बधिर होते आणि वास वर येत नाहीं. मिळमिळीत ठरलेली बिअर दहा-बारा अंश सेंटिग्रेडपर्यंत येऊं दिली कीं पुष्कळदां बोलूं लागते. पेल्याला साबणाचा अंश नसावा. वास आधीं घ्यावा, कारण तो लवकर उडून जातो. आणि घोट गिळावा, कारण हॉपचा कडूपणा मागाहून रेंगाळतो. अमेरिकेंत १९८५ पासून चालत आलेल्या परीक्षकसंस्थेच्या तक्त्यांत एकंदर ५० गुणांपैकीं वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडांत जाणवणाऱ्या भरीवपणाला ५ व एकंदर परिणामाला १० गुण असतात. बिअरच्या सोनेरी रंगावर भाळणाऱ्यांनीं त्यांतला ३ चा आंकडा पाहून ठेवावा.

याहून कठोर परीक्षा तीन पेल्यांची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यांत १९४० नंतरच्या दशकांत ती वापरांत आली. दोन पेल्यांत एकच बिअर, तिसऱ्यांत निराळी. कोणता पेला कशाचा हें पिणाऱ्याला ठाऊक नसतें. निराळा कोणता तेवढेंच त्यानें ओळखावयाचें. नुसत्या अंदाजानेंहि तिनांत एकदां उत्तर बरोबर येतें, म्हणून ही परीक्षा अनेक वेळां घ्यावी लागते. आपण केलेल्या सुधारणेनें चव खुलली असें छातीठोकपणें सांगणारा गृहस्थ या तीन पेल्यांपुढें पुष्कळदां गप्प बसतो.

दोष आणि बेचवपणा यांत भेद आहे. लोण्यासारखा किंवा हिरव्या सफरचंदासारखा वास आला तर बिअर बहुधा कच्ची असते. यीस्टसह थोड्या उबदार जागीं कांहीं दिवस राहूं दिल्यास तो बराच जातो. औषधासारखा वास मात्र बहुधा नळाच्या पाण्यांतील क्लोरीनमुळें येतो. त्याला मागाहून इलाज नाहीं. ती बिअर ओतून द्यावी.

दोष नसून गोडी नाहीं, अशी बिअर उरली कीं गृहिणीचे ते शब्द उपयोगीं पडतात. सपक बिअरमध्यें पुष्कळदां वायूच कमी असतो. बाटल्या भरतांना लिटरला पांच-सहा ग्रॅम साखर घातली म्हणजे यीस्ट तेवढी खाऊन फेस आणतें. अधिक घालणाऱ्याच्या बाटल्या फुटतात. पाणचटपणाचें मूळ माल्ट भिजविण्याच्या उष्णतेंत असूं शकतें. ६३-६५ अंशांवर काढा हलका उतरतो, ६८-६९ वर भरीव. झालेल्या बिअरला हें ज्ञान निरुपयोगी, पुढच्या खेपेला अमोल! मिळमिळीतपणावर हॉपचीं सुकीं फुलें मलमलीच्या पुरचुंडींत बांधून तीन-चार दिवस बुडवून ठेवतात. त्यानें सुगंध येतो. खरा कडूपणा मात्र तासभर उकळल्यावांचून येत नाहीं.

राहिला अळणीपणा, आणि तो थेट पाण्यापर्यंत नेतो. इंग्लंडांत ट्रेंट नदीच्या कांठीं बर्टन नांवाचें गांव आहे. तेथील विहिरींच्या पाण्यांत जिप्सम मुबलक आहे. हा जिप्सम म्हणजे शाळेंतला खडू बहुधा ज्याचा करतात तोच पदार्थ. त्यांतील सल्फेटमुळें हॉपचा कडूपणा स्वच्छ, खणखणीत लागतो. एकोणिसाव्या शतकांत मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठीं जहाजांतून येणारी फिकी बिअर बर्टननें याच पाण्यावर नांवारूपाला आणली. उलट बोहेमियांतील पिल्सेनचें पाणी अगदीं मृदु. १८४२ सालीं तेथें जन्मलेली सौम्य बिअर त्या पाण्याला शोभते. पुढें बर्टनबाहेरचे कारखानदार आपल्या पाण्यांत मुद्दाम जिप्सम मिसळूं लागले. माल्टची गोडी व भरीवपणा पुढें आणावयाचा असेल तर कॅल्शियम क्लोराइड घालतात.

हा उपाय तयार बिअरवरहि चालतो, पण पिपांत हात घालण्यापूर्वीं तो पेल्यांत करून पाहावा. खाण्याच्या प्रतीचें १० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पाण्यांत विरघळवून द्रावण १०० मिलिलिटर करावें. १०० मिलिलिटर बिअरचे तीन-चार पेले भरावेत. एक तसाच ठेवावा, बाकीच्यांत ०.१, ०.२, ०.३ मिलिलिटर असें द्रावण घालावें आणि कोणता पेला कोणता हें घरांतील दुसऱ्या माणसाला लिहून ठेवावयास सांगावें. ०.२ चा पेला सरस ठरला तर त्यांत ०.०२ ग्रॅम क्षार गेला. मग त्रैराशिक सोपें आहे: २० लिटरच्या पिपाला ४ ग्रॅम, म्हणजे ४० मिलिलिटर द्रावण. जिप्सम पाण्यांत फार थोडा विरघळतो, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणून तो आरंभींच माल्टबरोबर घालणें सोयीचें.

एका वेळीं एकच पालट करावा, नाहीं तर गुण कशाचा हें कळत नाहीं. अनुभवी गृहस्थाच्या वहींत पाणी, क्षार, उष्णता, हॉपचें वजन व तारीख हीं एका पानावर असतात, आणि समोरच्या पानावर चवीचे शब्द. हे शब्द तो पेला हातांत असतांनाच लिहितो, दुसऱ्या दिवशीं नव्हे. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर त्या पानावरून "बेचव" हा शब्द नाहींसा होऊं लागतो आणि त्याच्या जागीं "कडूपणा लवकर ओसरतो", "मध्यें पोकळ लागते" असे शब्द येऊं लागतात.