माईसाहेबांबद्दलचा मेसेज

(भिलाईतल्या कोहका इथे महापरिनिर्वाण दिनाच्या आधीच्या रविवारी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला होता ‘सोशल मीडिया आणि आंबेडकरी तरुण’. या विषयावर काहीही बोललं तरी चालतं, म्हणूनच मला तो नको होता. मी म्हटलं, डिसेंबर लागला की आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो एक मेसेज येतो, तेवढ्यावरच बोलते. कोणता मेसेज, ते तुम्हाला सांगायला नको. बाबासाहेब आजारानं गेले नाहीत, त्यांना विष दिलं गेलं आणि ते माईसाहेबांनी दिलं, असा तो मेसेज. खाली ‘हर बहुजन तक पहुँचाओ’. मग दोन-तीन दिवस वाद चालतो. एक जण विचारतो, पुरावा काय? त्याला उत्तर मिळतं, तू कधीपासून त्यांची बाजू घ्यायला लागलास? कुणीतरी ग्रुप सोडतो. पुढच्या डिसेंबरात पुन्हा तेच.

हा वाद बाहेरच्यांसमोर कशाला, असं काही ज्येष्ठांना वाटेल. पण तो आधीच हजारो मोबाइलवर उघड्यावर चालू आहे, आणि विरोधक तो आपल्याइतक्याच आवडीनं वाचतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ‘दलित लोक अफवांवर लवकर विश्वास ठेवतात’ असं बोलणारे विद्वान मला विद्यापीठात भेटतात. त्यांच्याशी मी सहमत नाही. आपल्या लोकांचा संशय हा अडाणीपणा नाही, तो अनुभवातून आलेला आहे. ११ जुलै १९९७ ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं मेली. सरकारी बाजूनं काय सांगितलं? जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, मोठा स्फोट झाला असता, म्हणून गोळ्या चालवाव्या लागल्या. पुढे न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं चौकशी केली आणि हा गोळीबार समर्थनीय नव्हता असं सांगितलं. टँकरची गोष्ट टिकली नाही. म्हणजे त्या वेळी कटाची कहाणी रचली होती ती गणवेशातल्या माणसांनी, आणि ‘अधिकृत सूत्र’ म्हणून ती बातम्यांत आली होती. वस्तीतली माणसं पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, पण त्यांच्या बोलण्याला वजन नव्हतं. खैरलांजीनंतर २००६ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हाही तत्कालीन गृहमंत्र्यांना त्यामागे नक्षलवाद्यांचा हात दिसला. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी घरं मूळची भंडाऱ्याची आहेत. त्यांना याच्यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

आणि आपल्या भिलाईचं काय? २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे शंकर गुहा नियोगी याच शहरात झोपेत गोळी लागून मारले गेले. आपल्या जिवाला धोका आहे हे त्यांनी आधीच कॅसेटवर बोलून ठेवलं होतं. १९९७ मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयानं उद्योगपतींसह आरोपींना दोषी ठरवलं, १९९८ मध्ये उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडलं, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फक्त गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. तो निकाल इथल्या अनेक कामगारांच्या गळी आजही उतरत नाही. तो त्यांचा हक्क आहे. पण ते आपलं म्हणणं कशावर उभं करतात ते बघा. कॅसेट, डायरी, साक्षी, खालच्या कोर्टाचा निकाल, हे सगळं ते समोर ठेवतात. तुम्ही ते तपासू शकता आणि असहमत होऊ शकता. ‘अमका त्या जातीचा आहे, म्हणून त्यानंच केलं असणार’ यावर त्यांची बाजू उभी नाही.

आता डिसेंबरचा मेसेज घ्या आणि त्यातलं पुराव्यासारखं दिसणारं सगळं काढून टाका. शेवटी एकच वाक्य उरतं: ती ब्राह्मण होती. शारदा कबीर, सारस्वत ब्राह्मण घरातली डॉक्टर. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत तिचं बाबासाहेबांशी लग्न झालं. तिचा जन्म हाच तिच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार.

हे मला सगळ्यात जास्त खटकतं. माणसाच्या जन्मावरून त्याचा गुन्हा ठरवायचा, त्याची साक्ष खरी की खोटी हे ठरवायचं, ही पद्धत कुणाची आहे? धर्मशास्त्रांत साक्षीदाराची लायकी वर्णावरून ठरते. रमाबाई नगरातल्या बाईचं बोलणं आणि अधिकाऱ्याचं बोलणं यांना वेगवेगळं वजन मिळालं, ते त्याच सवयीतून. आणि आपण तीच पद्धत उलटी करून वापरतो आणि तिला जागृती म्हणतो. शिवाय १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांच्या शेजारी उभं राहून माईसाहेबांनीही दीक्षा घेतली होती. दीक्षेनंतर जात उरत नाही असं आपण लाखो लोकांबद्दल म्हणतो आणि एका बाईला त्यातून वगळतो. ती बाई होती, विधवा होती, मूलबाळ नव्हतं, यानं वगळणं सोपं झालं असं माझं मत आहे.

आता कागदांकडे येऊ. संशय काही व्हॉट्सॲपनं जन्माला घातलेला नाही. बाबासाहेबांच्या निधनानंतर लगेच तो होता, खासदारांनी चौकशीची मागणी केली होती, पोलीस अधिकाऱ्याकडून चौकशी झाली, आणि १९५७ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी लोकसभेत मृत्यू नैसर्गिक असल्याचं सांगितलं. चौकशीचा अहवाल जाहीर करा, ही मागणी नंतरही वेळोवेळी झाली. ही मागणी मला योग्य वाटते. पंत म्हणाले म्हणून विषय संपला, असं मी म्हणणार नाही. टँकरची गोष्ट आत्ताच सांगितली ना. सरकारी वाक्य हा एक कागद, तो इतर कागदांशेजारी ठेवून वाचायचा.

मग इतर कागद काय सांगतात? माईसाहेबांचं आत्मचरित्र ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ १९९० मध्ये आलं. ग्रुपवर कुणी म्हणतो, ‘ती स्वतःची सफाई देणारच’. हे बरोबर आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं पुस्तक एकट्यानं पुरत नाही. म्हणून मी ते बाजूला ठेवते. नानकचंद रत्तू घ्या. शेवटची अनेक वर्षं ते बाबासाहेबांचं टंकलेखन आणि पत्रव्यवहार सांभाळत होते, शेवटच्या संध्याकाळीही ते घरी होते. माईसाहेबांशी त्यांचे सूर जुळत नव्हते, आणि त्यांच्या आठवणी वाचताना हे लपत नाही. तरी बाबासाहेबांची ढासळती प्रकृती, थकवा, मधुमेह, पायांचं दुखणं हे त्यांच्याही लिहिण्यात आहे. जो माणूस एखाद्याच्या बाजूचा नाही, तोच जेव्हा त्याच्या सोयीची गोष्ट सांगतो, तेव्हा त्या साक्षीला जास्त किंमत असते. वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचा कागद. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये एक प्रस्तावना लिहिली. तिच्यात आपल्या आजारपणाबद्दल लिहिताना, आपला विझत चाललेला दिवा तेवत राहिला तो पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, अशा अर्थाची कृतज्ञता त्यांनी व्यक्त केली आहे. १९५७ मध्ये त्यांच्या पश्चात ग्रंथ छापला गेला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. १९८० मध्ये भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावनांच्या पुस्तकात ती छापली. मधली तेवीस वर्षं सामान्य वाचकापुढे ती आलीच नाही. आणि धनंजय कीरांच्या चरित्रात आहे की शेवटच्या रात्री बाबासाहेबांनी याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचा टंकलिखित मजकूर आणि एस. एम. जोशी, आचार्य अत्रे यांना लिहिलेली पत्रं नजरेखालून घालायला मागवली होती.

या कागदाचं वजन कशात आहे? तो बाबासाहेबांचा आहे म्हणून, हे तर आहेच. पण त्याहून जास्त म्हणजे तो आरोपाच्या आधीचा आहे. तेव्हा कुणी माईसाहेबांवर बोट ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाचा बचाव करायची गरज त्यांना नव्हती. वाद सुरू झाल्यावर दिलेली साक्ष आणि वाद माहीतच नसताना लिहिलेली ओळ, यांत दुसरी भक्कम. इथे कटाची कहाणी पसरवणाऱ्याला एक विचित्र गोष्ट मानावी लागते. देशातला सगळ्यात काटेकोर वकील, ज्यानं आपल्या आजाराबद्दल पत्रांत बारकाव्यानं लिहिलं, त्याला स्वतःच्या घरात काय चाललंय हे कळलं नाही, आणि सत्तर वर्षांनंतर मोबाइलवर बोट फिरवणाऱ्याला मात्र कळलं.

माझं संशोधन भिलाईत पोलाद कारखान्यासाठी आलेल्या मराठी बौद्ध कुटुंबांवर आहे. त्यातून एक गोष्ट सांगते. पहिली पिढी मराठी वाचायची. चांगदेव खैरमोड्यांचे चरित्राचे खंड, कीरांचं चरित्र काही घरांत अजून आहेत, वरच्या फळीवर, कपड्यात बांधलेले. तिसरी पिढी हिंदी शाळेत शिकली. तिला देवनागरी येते, पण मराठी पुस्तक म्हणजे आजोबांचं पुस्तक. मेसेज येतो हिंदीतून. म्हणजे पुरावा एका भाषेत आणि अफवा दुसऱ्या भाषेत, आणि दोन्ही एकाच घरात. दिल्ली-मुंबईच्या लोकांना ही अडचण नीट कळत नाही. इथे आजी आणि नातू यांनी एका रविवारी ती फळी खाली काढली, तर काही मेसेज पुढे जाणार नाहीत.

अफवा फक्त शिव्यांच्याच नसतात, कौतुकाच्याही असतात. ‘संयुक्त राष्ट्रांनी १४ एप्रिल हा जागतिक ज्ञान दिवस घोषित केला’ हे तुम्ही किती वेळा वाचलंय? संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत दिवसांच्या यादीत तो नाही. खरं एवढंच की २०१६ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात बाबासाहेबांची जयंती साजरी झाली, आणि हे स्वतःच काही लहान नाही. कोलंबिया विद्यापीठानं १९५२ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली, ही नोंद आहे. मग खोट्याची गरज कुणाला? कुणीतरी ते खोटं पकडतो, आणि त्याच्याबरोबर आपलं खरंही फेकून देतो. मी हे वर्गात पाहिलंय.

बाबासाहेबांना तर्क करायची भीती नव्हती. ‘द अनटचेबल्स’, १९४८. अस्पृश्यता कशी निर्माण झाली याचा थेट पुरावा उपलब्ध नाही. ते त्यातून वाट काढतात. वेशीबाहेर राहणारी फुटलेल्या टोळ्यांची माणसं, बौद्ध धम्म, गोमांस, अशी एकेक कडी जोडत जातात. हाही एका अर्थी कोणी कुणावर काय लादलं याचाच शोध आहे. मग हा ग्रंथ आणि तो मेसेज यांत फरक काय? प्रस्तावनेतच ते सांगतात की दुवे हरवलेले आहेत, तिथे अनुमान करावं लागतं, हा सिद्धान्त अंतिम आहे असा माझा दावा नाही, टीकाकारांनी तो तपासावा. खात्रीचं आणि शंकास्पद वेगळं ठेवण्याबद्दल ते गटेचा दाखलाही देतात. म्हणजे आपला तर्क कुठे मोडू शकतो हे ते स्वतः दाखवतात. मेसेज कधी सांगतो का, की अमुक कागद सापडला तर मी मागे घेईन? उलट विरुद्ध कागद दाखवला तर तो कागदही कटाचाच भाग ठरतो. माझ्या मते ओळखायची खूण हीच.

तरुणांना एक व्यवहाराची गोष्ट. ग्रुपवर काकांना सगळ्यांसमोर ‘फेक न्यूज’ म्हणून चूप करू नका. ज्या माणसानं कोक ओव्हनमध्ये तीस वर्षं काढून तुम्हाला शिकवलं, तो आयुष्यभर वरच्यांचं खोटं ऐकत आलाय. त्याचा संशय तुमच्यापेक्षा महागात कमावलेला आहे. त्यांना फोन करा, विचारा, काका, हे तुम्ही कुणाकडून ऐकलं? त्यांनी कुठे वाचलं? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नावर दोघांनाही कळतं की वाचलं कुणीच नाही. आणि ज्येष्ठांनी पण, पोरानं पुरावा मागितला की त्याची निष्ठा मोजू नये. पुरावा मागायला त्याला बाबासाहेबांनीच शिकवलंय.

माईसाहेब बराच काळ समाजापासून तुटून राहिल्या. १४ एप्रिल १९९० ला बाबासाहेबांचं भारतरत्न त्यांनीच राष्ट्रपतींच्या हातून स्वीकारलं. २९ मे २००३ ला त्या गेल्या. त्यांच्यावर राजकीय, वैचारिक टीका करायची तर खुशाल करा, मीही करेन. खुनाचा आरोप ही टीका नाही.

त्या प्रस्तावनेच्या प्रती मी आणल्या आहेत, मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. इंग्रजीत आहेत. दोन मुली तिचं हिंदी करतायत, मराठीचं काम एका मावशींनी अंगावर घेतलंय. चहा झाला की आपण ती सगळे मिळून वाचू. आणि समोरच्या काकांनी मघापासून हात वर केलाय, पहिला प्रश्न त्यांचा. माझं म्हणणं पटलेलं दिसत नाही त्यांना, म्हणून आधी तेच.

जय भीम.