घोड्यांची रेस, चिंचोके आणि गायब झालेले सहा

हेडफोन लावलेत ना? आज गणित आहे, पण पळू नका. पळायचं काम आज घोडे करणार आहेत.

तर झालंय असं, की रविवारी सकाळी मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सात-आठ पोरांना घेऊन बसतो. चौथीपासून दहावीपर्यंतची सगळी मिक्स गँग आहे. क्लास वगैरे नाही, फी नाही, फक्त खडू आणि पार्किंगची फरशी. पुण्यात पावसाळा म्हणजे रेसचा सीझन. कॅम्पातल्या रेसकोर्सच्या बाजूने जाताना पोरं हमखास विचारतात, दादा, ते घोडे किती जोरात पळतात? मी म्हटलं, चला, काढूया. तिथून आमचं सगळं गणित घोड्यांवर बसलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अरे, एवढा इंजिनिअर झालास आणि पोरांना जुगार शिकवतोस?" काकूंचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी पुढे देणारच आहे, पण आधी घोडा पळू दे.

तुमच्या आजोबांना विचारा, ते अजून म्हणत असतील, "इथून दोन फर्लांगावर आहे." हा फर्लांग रेसमध्ये अजून जिवंत आहे. आठ फर्लांग म्हणजे एक मैल, एक फर्लांग म्हणजे २२० यार्ड, साधारण २०१ मीटर. आपल्याकडे रेस मीटरमध्ये मोजतात, पण अंतरं बघा : १०००, १२००, १४००, १६००. मुंबईत महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची. सगळे २०० च्या पटीत! फर्लांग गेला, पण त्याचा पाढा मागे ठेवून गेला. आणि पोरांना सगळ्यात काय आवडलं माहितीये? क्रिकेटचं पिच २२ यार्डांचं. म्हणजे एक फर्लांग बरोब्बर दहा पिच. यानंतर कुणालाही फर्लांग समजावून सांगायची गरज उरली नाही.

आता घोडा. अमेरिकेत सेक्रेटेरियट नावाचा एक घोडा होऊन गेला. १९७३ साली त्याने बेलमाँट स्टेक्स नावाची दीड मैलाची रेस २ मिनिटं २४ सेकंदांत मारली. दीड मैल म्हणजे १२ फर्लांग. २ मिनिटं २४ सेकंद म्हणजे १४४ सेकंद. १४४ भागिले १२... पोरं एकदम ओरडली, बारा! एका फर्लांगाला सरासरी १२ सेकंद, म्हणजे एका पिचला १.२ सेकंद. तुम्ही "वन थाउजंड वन" म्हणेपर्यंत घोडा बोलरच्या टोकापासून कीपरजवळ. पुढे २०१ ला १२ ने भागा, सेकंदाला पावणेसतरा मीटर. त्याला १८/५ ने गुणा, ताशी ६० किलोमीटर. अॅक्टिव्हावर ६० ला काटा गेला की मागे बसलेली आई खांद्यावर चापट मारते, तो स्पीड. आणि हा घोडा तो दीड मैल टिकवतो.

त्याच वर्षीची केंटकी डर्बी तर गणिताच्या पुस्तकात घालायला हवी. सव्वा मैलाची रेस, म्हणजे पाव मैलाचे पाच तुकडे. सेक्रेटेरियटने ते पळताना घेतलेला वेळ लिहून घ्या : २५ पूर्णांक १/५, मग २४, मग २३ पूर्णांक ४/५, मग २३ पूर्णांक २/५ आणि शेवटी २३ सेकंद. तेव्हा वेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात मोजायचे, म्हणून हे अपूर्णांक. चौथीतली एक मुलगी म्हणाली, आकडे कमी होतायत म्हणजे घोडा दमला. मी काहीच बोललो नाही. दोन मिनिटं कुजबुज झाली आणि तीच उडाली, "नाही नाही, वेळ कमी म्हणजे स्पीड जास्त! शेवटी तो जास्त जोरात पळाला!" व्यस्त प्रमाण हा शब्द तिला अजून तीन-चार वर्षांनी भेटेल. ओळख आत्ताच झालीये.

मग बेरीज. दशांशात केली की ११९.४ येते. एकाने छातीठोक सांगितलं, एक मिनिट एकोणीस सेकंद. शंभराची सवय इतकी मुरलेली असते! मिनिटात साठ सेकंद असतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण हातचा घेताना आठवत नाही. खरं उत्तर १ मिनिट ५९ पूर्णांक २/५ सेकंद.

आता काकूंच्या प्रश्नाकडे.

आम्ही पार्किंगमध्ये खडूने अकरा लेन आखल्या, नंबर २ ते १२. प्रत्येक लेनमध्ये कॅरमची एक सोंगटी, तो घोडा. ल्युडोचे दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. दहा घरं आधी पार करेल तो जिंकला. आधी घोडा निवडायचा आणि त्यावर चिंचोके लावायचे. पैसे नाहीत, चॉकलेटसुद्धा नाही, हा नियम पक्का. एकाने ७ घेतला, धोनीचा नंबर म्हणून. एकीने १० घेतला, सचिनचा. एक छोटू १ नंबर मागत होता. त्याला सांगितलं, दोन फासे टाकून एक आणून दाखव.

सात नंबर जिंकत राहिला. पहिल्यांदा नशीब, दुसऱ्यांदा चीटिंग, तिसऱ्यांदा सगळे वहीकडे वळले. दोन फाशांचे ३६ प्रकार, त्यात ७ येतो सहा प्रकारे, १० तीन प्रकारे, २ आणि १२ फक्त एकेकदा. संभाव्यता या शब्दाची व्याख्या न सांगता झाली.

आणि मग मी बुकी झालो. फरशीवर पाच घोडे लिहिले आणि त्यांचे भाव : ६/४, २/१, ४/१, ५/१, ९/१. भाव वाचायचा असा, की २/१ म्हणजे एक चिंचोका लावला आणि घोडा जिंकला तर दोन नफा, आपला एक परत, हातात तीन. म्हणजे बुकीच्या हिशेबात त्या घोड्याला तीनात एक संधी आहे, १/३. असं पाचही घोड्यांचं काढा : २/५, १/३, १/५, १/६, १/१०. बेरीज करा. लसावि ३०. १२ अधिक १० अधिक ६ अधिक ५ अधिक ३, झाले ३६. छत्तीस तिसांश!

दहावीतला एक मुलगा आहे, तो क्रिकेटच्या कुठल्या कुठल्या अॅपबद्दल फार माहिती ठेवून असतो. "सिस्टीम असते दादा" असं सांगणारा. तो म्हणाला, बेरीज एकापेक्षा जास्त कशी? एकच घोडा जिंकणार ना! मी म्हटलं, मोजून बघ. पाच घोड्यांवर १२, १०, ६, ५ आणि ३ चिंचोके लाव. त्याने लावले, छत्तीस गेले. पहिला जिंकला तर किती मिळतील? १८ नफा, १२ परत, तीस. दुसरा? २० आणि १०, तीस. तिसरा, चौथा, पाचवा, सगळीकडे तीस. तो बराच वेळ फरशीकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे कुणीही जिंकलं तरी सहा तुझे?"

हो. रेस सुरू व्हायच्या आधीच. आणि उरलेले तीस पुन्हा लावलेस तर २५ येतील, मग साधारण २१, मग १७. चार रेसमध्ये निम्म्याच्या खाली, आणि यात कुठलाही घोडा अडखळला नाही की कुणी चीटिंग केली नाही. टोटवर लावलं तरी गोष्ट तीच, तिथे जमलेल्या पैशातून आधी कपात होते आणि उरलेलं वाटतात.

कुणीतरी कमेंट करणारच, की सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय. बरोबर आहे, म्हटलंय. घोडा ओळखायला कौशल्य लागतंच. पण आमच्या फरशीवरच्या भावात ते कौशल्य आधी त्या सहा चिंचोक्यांची भरपाई करणार, मग तुमच्या खिशात काही टाकणार. कायद्याचं उत्तर वेगळं आणि लसाविचं वेगळं.

काकूंना मी हेच दाखवलं, त्यांच्याच डायनिंग टेबलवर, शेंगदाणे घेऊन. त्यांनी दोनदा तपासलं, मग म्हणाल्या, "हे ह्यांनासुद्धा दाखव." ह्यांना म्हणजे काकांना. काका पेपर तोंडासमोर धरून बसले होते. मी शेंगदाणे तसेच टेबलावर ठेवून आलो.

तुम्हाला घरी करायचं असेल तर फाशांपासून सुरुवात करा, भाव नंतर. लहान पोरांना भाव नकोतच, त्यांना फर्लांग आणि स्टॉपवॉच पुरे, सायकलवर घ्या वेळ. भाव सातवीच्या पुढे, अपूर्णांकांची बेरीज हाताला बसल्यावर. आणि बुकी आधी तुम्ही व्हा, मग त्यांना करा. दहावीतला तो पोरगा गेल्या रविवारी बुकी झाला होता. त्याने असे काही भाव लिहिले की बेरीज बरोबर १ आली. मी विचारलं, मग तुला काय मिळणार? तो म्हणाला, "काही नाही. म्हणूनच असे भाव कुणी देत नाही ना?"

पुढच्या एपिसोडमध्ये वजन : चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त किलो का ठेवतात, आणि त्यातून सरासरी कशी शिकायची. तोवर चिंचोके जमवा. भेटू!