फॉर्मवरच्या दोन ओळी

नागपूर, भंडारा, गोंदियाहून आलेल्या डॉक्टर मित्रांनो,

वैनगंगेकाठच्या बालाघाटात आपलं स्वागत. 1956 पर्यंत आपली राजधानी एकच होती, नागपूर. पुढे राज्यं वेगळी झाली, पण आमचे रुग्ण आणि त्यांच्या गाठींचे तुकडे अजून त्याच वाटेने जातात. म्हणून पाहुणचारासोबत एक तक्रारही वाढतो. यजमानाला एवढी मुभा असावी.

मोठ्या आतड्याच्या गाठींतले रक्तगट-अँटिजेन हा आजचा विषय आपल्याला परका नाही. 1952 साली मुंबईच्या डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया यांनी ‘लॅन्सेट’मधून ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे ठेवला. त्यात ए आणि बी ज्याच्यावर उभे राहतात तो एच अँटिजेनच नसतो. हे अँटिजेन फक्त तांबड्या पेशींवर नसतात, आतड्याच्या अस्तरातही असतात आणि तिथले त्यांचे नियम निराळे. गर्भाच्या मोठ्या आतड्यात ते सगळीकडे सापडतात. मोठ्या माणसात उजवीकडे टिकतात. डावीकडून आणि गुदाशयातून जवळपास नाहीसे होतात. डाव्या बाजूला कॅन्सर झाला की पुष्कळदा पुन्हा उगवतात. उजवीकडच्या गाठीत मात्र असलेले कधीकधी हरवतात. तेव्हा स्लाइडवर रंग दिसला याचा अर्थ काय, हे ती गाठ कुठली यावर ठरतं.

आणि कुणाची यावरही. आपण सर्रास मागवतो ती रक्तातली कॅन्सरची खूण, सीए 19-9, लुईस रक्तगटाच्याच घराण्यातली. लुईस-निगेटिव्ह माणसात ती जवळजवळ तयारच होत नाही. गाठ वाढत असते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो.

ऊतींवरची रक्तगट-अँटिजेनची तपासणी रोजच्या निदानात रुळली नाही, ती रुळावी असा माझा हट्टही नाही. पण आमच्याकडून निघणाऱ्या नमुन्यांच्या बरण्यांवर ‘कोलन बायॉप्सी’ एवढंच असतं. सीकम की सिग्मॉइड? रक्तगट तर कुणी लिहीतच नाही. आज दुपारी पानात आमच्या बालाघाटच्या चिन्नौर तांदळाचा भात आहे. 2021 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तांदळाचं गाव आम्ही जपतो, गाठीची जागा लिहायला मात्र विसरतो!

नोंदणीच्या टेबलावर नमुना फॉर्म ठेवलेत. त्यात दोन ओळी वाढवल्या आहेत: आतड्याचा भाग आणि रक्तगट. सर्जन मंडळींनी जाताना एकेक गठ्ठा न्यावा. आता अध्यक्षांनी परिषदेचं उद्घाटन करावं, ही विनंती.