लहान यंत्रासाठी भाषा बांधताना
(साक्री तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



साक्री तालुक्यात ज्याने वर्ग घेतला आहे, त्या शिक्षकास भाषेची अडचण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पिंपळनेरच्या पुढे डोंगराकडे गेले की घरी कोकणी बोलणारी मुले शाळेत येतात. खाली पांझरा आणि कान या नद्यांच्या काठी अहिराणी बोलणारी मुले असतात. पाठ्यपुस्तक मात्र सर्वांसाठी एकच, प्रमाण मराठीतले. घाटावरून बदलून आलेला शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात 'अंडोर' हा शब्द ऐकतो आणि थबकतो. बाकीचे वाक्य त्यास समजलेले असते, केवळ एका शब्दापाशी त्याचे पाऊल अडते. शेजारच्या मुलाला विचारून तो 'मुलगा' हा अर्थ जाणून घेतो व पुढे जातो. यंत्रास अशी विचारपूस करता येत नाही. अनोळखी शब्द आला की ते जागच्या जागी थांबते.

शाळांतून येऊ लागलेल्या लहान संगणकांची गोष्ट नेमकी अशीच आहे. हे संगणक एकाच पाटीवर बसविलेले असतात. तळहाताएवढ्या त्या पाटीवर गणना करणारी चकती, स्मरणकोश आणि तारा जोडण्याची भोके एवढेच असते; पडदा म्हणून घरचा दूरदर्शन संच चालतो आणि सारा मजकूर नखाएवढ्या कार्डावर राहतो. यांपैकी सर्वांत प्रसिद्ध 'रास्पबेरी पाय'. इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका संस्थेने तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आणला. किंमत ३५ डॉलर, स्मरणकोश अवघा २५६ मेगाबाइट. मुलांनी संगणक केवळ वापरू नये, त्यास आज्ञा लिहून द्याव्यात, हा त्यामागील हेतू होता. नावातील 'पाय' हे अक्षरही 'पायथन' या भाषेवरून घेतलेले आहे.

पायथन भाषा नेदरलँड्समधील ग्वीडो व्हान रॉसम यांनी रचली आणि १९९१ साली प्रसिद्ध केली. ती वाचावयास सोपी आहे, म्हणून शाळांत शिकविली जाते. परंतु कोणत्याही संगणकाच्या चकतीस पायथन येत नाही. चकतीस तिच्या स्वतःच्या अंकरूप आज्ञाच तेवढ्या कळतात. म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो. मुलाने लिहिलेली ओळ तो वाचतो आणि ती पार पाडतो. आता हा दुभाष्याही मनुष्याने लिहिलेलाच असतो आणि तो 'सी' नावाच्या दुसऱ्या भाषेत लिहिलेला असतो. चकतीस सी भाषाही येत नाही. यास्तव त्या संपूर्ण लेखनाचे चकतीच्या आज्ञांत आधीच, एकदाच, अथपासून इतिपर्यंत भाषांतर करून ठेवावे लागते. यास कंपाइल करणे म्हणतात. दुभाष्या सभेत ओळीमागून ओळ सांगतो, तर भाषांतरकार ग्रंथ घरी पुरा करून आणतो. पायथन चालविण्यासाठी दोघांचेही काम पडते, आणि नवशिक्याचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

खरी मेख पुढे आहे. सर्व चकत्यांची भाषा एक नसते. या लहान संगणकांत 'एआरएम' कुळातील चकत्या असतात, पण त्या कुळातही पिढ्या आहेत. पहिल्या रास्पबेरी पायची चकती सहाव्या पिढीची होती. त्या सुमारास 'डेबियन' या मुक्त संगणकप्रणालीने या कुळासाठी दोन प्रकारची भाषांतरे करून ठेवली होती. एक प्रकार जुन्या चकत्यांसाठी होता. त्यात चकतीला दशांश अपूर्णांकांचे गणित स्वतः येत नाही असे धरून चालले होते, त्यामुळे ते गणित आडवळणाने आणि अतिशय मंद होई. दुसरा प्रकार सातव्या पिढीपासूनच्या चकत्यांसाठी होता. तो वेगवान होता, पण त्यात सहाव्या पिढीस ठाऊक नसलेले शब्द होते. रास्पबेरी पायला अपूर्णांकांचे गणित येत होते, सातव्या पिढीचे शब्द मात्र येत नव्हते. पाचवीतील मुलाला तिसरीत बसवावे की सातवीत, असा तो पेच होता. तिसरीत ते कंटाळते, सातवीत ते पहिल्याच तासाला गप्प होते.

हा पेच माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन या दोघांनी सोडविला. संगणक बनविणाऱ्या संस्थेचे ते नोकर नव्हते. डेबियनचा सारा मूळ मजकूर त्यांनी या एका चकतीच्या मापाने पुन्हा भाषांतरित करावयास घेतला. हे काम वाटते तितके यांत्रिक नाही. एक पुस्तक भाषांतरित करावयास दुसरे लागते, दुसऱ्यास तिसरे, आणि कित्येकदा तिसऱ्यास पहिलेच लागते. भाषांतर करणारे साधनसुद्धा आधी भाषांतरित झालेले असावे लागते. आधी कोंबडी की आधी अंडे, हा प्रश्न तेथे रोजचा होता. जून २०१२ मध्ये पस्तीस हजारांहून अधिक पुडकी बांधून तयार झाली. त्या संचाचे नाव 'रास्पबियन'. पुढे रास्पबेरी पायची अधिकृत प्रणाली याच पायावर उभी राहिली व २०२० साली तिचे नाव 'रास्पबेरी पाय ओएस' असे झाले. ३५ डॉलरांची पाटी मुलाच्या हाती पडली आणि त्याच दिवशी त्यावर पायथन चालू लागले, यामागे हे न दिसणारे श्रम आहेत.

पुडके हा शब्द येथे सहज योजलेला नाही. भाषांतर पुरे झाले म्हणजे काम संपले असे होत नाही. ते नीट बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवावे लागते. आत कोणत्या धारिका आहेत, त्या कोठे ठेवावयाच्या, आवृत्ती कोणती, चकती कोणती, हे पुडके चालण्यासाठी आणखी कोणती पुडकी आधी हवीत, हे सारे त्या चिठ्ठीत असते. चिठ्ठी बरोबर असेल तर शिक्षकाने एक आज्ञा दिली की बाकीची पुडकी आपोआप मागविली जातात.

मात्र या चिठ्ठीतच एक फसगत राहून गेली आहे. डेबियनच्या सातव्या पिढीच्या पुडक्यावर 'एआरएमएचएफ' असे लिहिलेले असते, आणि रास्पबियनच्या सहाव्या पिढीच्या पुडक्यावरही तेच लिहिलेले असते. चिठ्ठी एक, माल दोन. जुन्या पाटीवर डेबियनचे पुडके बसविले तर ते विनातक्रार बसते. चालवावयास गेले की पडद्यावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढेच दोन शब्द उमटतात. त्यांचा अर्थ 'ही आज्ञा मला ठाऊक नाही' एवढाच आहे. परंतु ते वाचून पाटी बिघडली असा समज होतो आणि धडधाकट संगणक कपाटात जातो. डोंगरातल्या पाड्यावर एकच पाटी असली तर तिच्याबरोबर त्या वर्षीच्या मुलांची संधीही कपाटात जाते. सहाव्या पिढीची चकती केवळ २०१२ च्या पाटीतच होती असेही नाही. २०१५ साली ५ डॉलरांना निघालेल्या 'पाय झिरो'तही तीच आहे, आणि देणगी म्हणून शाळेत येते ते बहुधा असेच स्वस्त किंवा जुने यंत्र असते.

एकशिक्षकी शाळेत हे जमेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या योजनेची यंत्रे आली. त्या यंत्रांवरील 'शुगर' ही प्रणाली बहुतांशी पायथनमध्ये लिहिलेली होती. तेथे दुभाष्या तेवढा त्या चकतीसाठी कंपाइल केलेला असे. मुलांचे चित्रांचे, गणिताचे कार्यक्रम मूळ पायथनच्या मजकुरासह एका पुडक्यात बांधलेले असत. कळफलकावर मूळ मजकूर दाखविणारी एक स्वतंत्र कळही होती. खेळ कसा बनला हे मुलाने उघडून पाहावे, अशी ती सोय. पुढे त्या योजनेचा जोर ओसरला, तरी ही एक कळ इतर यंत्रांत आली नाही याची रुखरुख वाटते.

आता शाळेपुरते. पायथन शाळेतच कंपाइल करण्याच्या भरीस पडू नये. पहिल्या पायवर त्यास कित्येक तास लागतात, २५६ मेगाबाइट अपुरे पडतात, कार्ड झिजते, आणि मध्येच वीज गेली तर केलेले काम वाया जाण्याचा संभव असतो. कंपाइल म्हणजे काय हे वर्गात दाखवावयाचे असेल तर सी भाषेतील पाच ओळींचा कार्यक्रम पुरे. तो मुलांच्या डोळ्यांदेखत भाषांतरित होतो. तयार संच साक्री किंवा धुळ्यास, जेथे जोडणी चांगली आहे तेथे उतरवून घ्यावा आणि कार्डावर भरून शाळेत न्यावा. पायथनचे मराठी पाठ हवे असतील तर मुंबईच्या आय. आय. टी.चा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम पाहावा.

पाटी कोणत्या पिढीची आहे हे ओळखण्यास 'युनेम' ही आज्ञा, पुढे आडवी रेघ व 'एम' हे अक्षर जोडून द्यावी. उत्तरात 'एआरएमव्ही' या अक्षरांपुढे ६ हा अंक आला तर डेबियनच्या पुडक्यास हात लावू नये. रास्पबेरी पाय ओएसचा बत्तीस बिटांचा संच घ्यावा. तोच संच भरलेले दुसरे कार्ड डब्यात जपून ठेवावे. जडसंग्रह नोंदवहीत पाटीची नोंद करताना 'संगणक, नग १' एवढ्यावर न थांबता शेऱ्याच्या रकान्यात चकतीची पिढी, संचाचे नाव आणि तो उतरविल्याची तारीख लिहावी. बदली होऊन येणारा शिक्षक पहिल्यांदा ती वहीच उघडतो.